वाटेतली शिवण

शिराहाए, २० मे २०१२

प्रिय चिहारु,

आशीर्वाद. शेतातलं सातू पिवळं झालंय. नोरी शेवाळाचा हंगाम संपला, समुद्रातल्या काठ्या उपटून किनाऱ्यावर रचल्या, जाळी धुऊन झाली. आता बसायला वेळ आहे, आणि वेळ असला की मला राग येतो हे तुला ठाऊकच आहे. फोनवर मी दोन वाक्यं बोलेपर्यंत तू ‘हं, हं’ करतेस आणि मागे कीबोर्डची टकटक ऐकू येते. म्हणून पत्र.

काल सोसायटीच्या सभेत तोमिनागा चेअरमन उभे राहिले आणि म्हणाले, मधली वाट काठ्या-जाळ्यांनी बुजवली तर काय होईल हे त्सुकुबाच्या मोठ्या कॉम्प्युटरवर मोजून मिळणार आहे, आणि मोजणार आहे आपल्याच गावची लेक. टाळ्या! तुझ्या बापाचे कान अभिमानाने लाल झाले. मी टाळी वाजवली नाही. तीन वर्षं मी त्या वाटेसाठी उभी राहून बोलते आहे. शंभर मीटर रुंद, भरती-ओहोटीच्या पाण्याला जायला-यायला आजोबांच्या पिढीने मोकळी ठेवलेली. यांना तिच्यात नोरीचे चाळीस नवे वाफे दिसतात. मला दिसतं ते असं: वाट बुजली की आतल्या वाफ्यांच्या गटाचं पाणी अडेल, आणि अडलेल्या पाण्यात जाळ्यांवरच्या नोरीला लाल कूज लागेल. नऊ सप्टेंबरला मतदान. त्यानंतर आठवड्याने वाफ्यांच्या चिठ्ठ्या. एकदा त्या चाळीस वाफ्यांवर नावं पडली की वाट परत मिळायची नाही.

तुला शिकायला लांब पाठवायचं म्हणून मी तुझ्या बापाशी महिनाभर भांडले होते. आता तू माझ्याच विरुद्ध उभी राहणार असशील तर खुशाल राहा. पण आधी मला समजावून सांग, काय मोजतेस आणि कसं मोजतेस. असं सांग की मी ते उद्या जाळी शिवणाऱ्या बायकांना सांगू शकेन.

तुझी आत्या,
मित्सुए

त्सुकुबा, ३ जून

प्रिय आत्या,

सा. न. ‘माझ्याच विरुद्ध’ वाचून हसू आलं आणि लागलंही. मी कुणाच्याच बाजूची नाही गं. पाणी जिकडे जाईल तिकडची.

आता ऐक. आपला समुद्र मी बारीक चौकटींत आखला आहे. प्रत्येक चौकटीत दोन आकडे: पाण्याची उंची आणि पाण्याची ओढ. ते सतत बदलतात, म्हणून त्यांना आम्ही ‘चल’ म्हणतो. चौकटी आहेत चाळीस लाख. एकट्याने मोजायला बसलं तर दोन हंगाम जातील. म्हणून एकाच प्रोग्रामच्या चौसष्ट प्रक्रिया एकदम चालवायच्या. प्रक्रिया म्हणजे एक राबतं घर समज. प्रत्येक घराला समुद्राचा एक तुकडा द्यायचा, त्याने तेवढाच मोजायचा. ज्या भाषेत मी हे लिहिते तिच्यात वाटणीचा हुकूम एका ओळीचा असतो: हे चल या चौसष्ट घरांत असे असे वाटा. काही चल वाटायचे नसतात, त्यांची प्रत घरोघरी द्यायची, जशी घड्याळातली वेळ. बाकीचे वाटावेच लागतात, कारण सगळा समुद्र कुणाच्याच घरात मावत नाही.

खरी अडचण काठावर येते. माझ्या तुकड्याच्या शेवटच्या ओळीतलं पाणी कुठे जाणार हे शेजाऱ्याच्या पहिल्या ओळीवर ठरतं, आणि ती माझ्याकडे नसते. म्हणून प्रत्येक घर शेजाऱ्याच्या काठाची एक नक्कल जवळ ठेवतं. आम्ही तिला सावली म्हणतो. दर पावलाला शेजाऱ्याकडून ती ताजी करून घ्यायची, मग पुढचं पाऊल.

तुकडे कसे पाडले सांगू? आमचे प्रमुख हातानो सर म्हणाले होते, सरळ सारखे चौकोन पाडा. मी पाडले आपल्या गावच्या वाफ्यांच्या गटांच्या रेघांवरून. तो नकाशा मला पाठ आहे, पेन्सिल हातात घेतली की हात तिकडेच जातो. सर बघून म्हणाले, ‘‘एगाशिराबाई, हा समुद्र आहे की तुमचं अंगण?’’ मी म्हटलं, अंगणच.

बाबांना सांग, गुडघ्याला शेक देत जा.

तुझी,
चिहारु

शिराहाए, २४ जून

प्रिय चिहारु,

तुझं पत्र मी जाळ्यांपाशी मोठ्याने वाचून दाखवलं. कोगांची सून म्हणाली, ‘‘म्हणजे कॉम्प्युटरातसुद्धा चिठ्ठ्या टाकून वाफे वाटतात?’’ मी म्हटलं, चिठ्ठ्या नाहीत, चिहारु वाटते. ‘‘मग भांडणं होत असतील,’’ म्हणाली. सगळ्या हसल्या, पण समजलं सगळ्यांना. प्राध्यापकांना जमत नाही ते तुला जमलं, हे मी लिहून ठेवते, कारण तोंडावर सांगायची मला सवय नाही.

तुझी ती सावली मला सगळ्यात पटली. आपण दुसरं काय करतो? जाळ्यांवरून परत आलं की धक्क्यावर शेजाऱ्याला सांगायचं, माझ्या कडेच्या जाळ्याचा रंग असा आहे, तुझ्या बाजूला बघ. तू आठ वर्षांची असताना आपल्या गावचा तोकुजी आणि त्याचा शेजारी एका काठीच्या मालकीवरून भांडले आणि पंधरा दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. कूज एकाच्या कडेला लागली होती, दुसऱ्याला पत्ता नाही. दोघांचा हंगाम गेला. तेव्हा तुझ्या त्या चौसष्ट घरांत कोण कुणाशी बोलत नाही यावर लक्ष ठेव.

आणि एक ऐक. तुझे आकडे म्हणाले की वाट बुजवून काही बिघडत नाही, तर मी सभेत खाली बसेन. रागाने लिहीत नाही. मी जन्मभर लोकांना सांगत आले की पुराव्यासमोर जो मत बदलत नाही त्याने मत देऊ नये. ते दुसऱ्यांना लागू आणि मला नाही, असं कसं चालेल? हा शब्द समज.

तुझा बाप वाट बुजवायच्या बाजूने आहे. आम्ही एका ताटलीतले मासे खातो आणि बोलत नाही. घरात शांतता आहे, त्यामुळे मी पुष्कळ वाचते.

मित्सुए आत्या

त्सुकुबा, २० जुलै

प्रिय आत्या,

हे पत्र लिहायला चार दिवस घेतले.

दोन नकाशे सोबत आहेत. पहिला वाट उघडी असतानाचा, दुसरा बुजवल्यावरचा. बाणाची लांबी म्हणजे पाण्याची ओढ. दोन्ही एकमेकांवर ठेवून बघ. आतल्या गटाची ओढ शंभरात दोनाने कमी होते, बस. एवढ्याने कूज येत नाही. मी तीन वेळा चालवून पाहिलं. अहवाल परवा सोसायटीकडे गेला.

आत्या, उत्तर चुकावं असं मला आजवर कधी वाटलं नव्हतं. या वेळी वाटलं. पण तू म्हणतेस ना, पुराव्यासमोर. मी तरी काय करू?

रागावली असशील तर तसं लिही. गप्प बसू नकोस.

चिहारु

शिराहाए, ३० जुलै

प्रिय चिहारु,

नकाशे पोचले. रंग छान आहेत. मी बरी आहे. उकाडा भयंकर. परवा सोसायटीची लहान सभा झाली, विशेष काही नाही. खेकडे कुटून केलेल्या चटणीची बाटली पाठवते आहे, भातावर थोडीच घे, यंदा मिरची जास्त पडली आहे.

आत्या

ता. क. पहिल्या नकाशात, वाट उघडी असतानाच्या, वाटेतले बाण इतके आखूड का?

त्सुकुबा, ८ ऑगस्ट

प्रिय आत्या,

बाबांचा फोन आला होता. म्हणाले, ‘‘ताईने उभं राहून विरोध मागे घेतला, सभा चाट पडली.’’ आणि तू मला लिहितेस ‘विशेष काही नाही’! पण पटलं ना तुला, हे ऐकून फार बरं वाटलं. मी उगीच घाबरत होते.

बाणांचं म्हणशील तर बंदरातल्या मोजपट्टीशी माझी पाण्याची उंची तीन सेंटीमीटरच्या आत जुळते. यापेक्षा जास्त जुळणं कुणी मागत नाही. माणसाच्या आठवणीत ओढ वाढत जाते, आत्या. लहानपणी मला ती वाट नदीएवढी वाटायची.

चटणी हातानो सरांना दिली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी भात संपवून आणखी मागितली. सप्टेंबरमध्ये दोन दिवस येईन म्हणते.

चिहारु

शिराहाए, २० ऑगस्ट

चिहारु,

पटलं? कुणी सांगितलं पटलं म्हणून? मी शब्द दिला होता, म्हणून खाली बसले. बसताना गुडघे दुखले त्यापेक्षा जास्त दुसरं काही दुखलं, आणि ते तुला कळू नये म्हणून चटणीची बाटली पाठवली. तू ती सरांना खाऊ घातलीस आणि मला लिहितेस, आठवणीत ओढ वाढते! पन्नास वर्षं मी त्या पाण्यात उतरते आहे. ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात त्या वाटेत उभं राहिलं की रबरी बूट पायातून ओढला जातो. मी तिथे तीन बूट गमावले आहेत. आठवणीने बूट नेले का माझे?

बरं. आठवण बाजूला ठेव. म्हातारीचं मन बाजूला ठेव. तुला आकडे हवेत ना? घे.

परवा आणि काल उधाण होतं. जाळ्याचा एक पांढरा तरंगा घेतला, त्याला शंभर मीटर दोरी बांधली. तुझ्या बापाला म्हटलं, होडी काढ. तो म्हणाला, ‘‘ताई, झालं गेलं, आता कशाला?’’ मी म्हटलं, ‘‘होडी काढतोस की मी पोहत जाऊ?’’ वाटेत नांगर टाकून, ओहोटी भरात असताना तरंगा सोडला. घड्याळ त्याच्या हातात होतं, माझ्या नाही, म्हणजे मी खोटं केलं असं कुणी म्हणायला नको. पहिल्यांदा दोरी शहाण्णव सेकंदांत संपली. दुसऱ्यांदा त्र्याण्णव. तिसऱ्यांदा अठ्ठ्याण्णव. म्हणजे सेकंदाला मीटरभराहून जास्त. तुझ्या पहिल्या नकाशात उधाणाच्या ओहोटीला तिथला बाण आहे सेकंदाला वीस सेंटीमीटरचा. मी पट्टी लावून मोजला.

सगळ्या गावाने दोन नकाशांतला फरक पाहिला. मी महिनाभर पहिलाच नकाशा बघत बसले आहे. तो समुद्र आपला नाही, चिहारु.

तुला हरवण्यात मला काडीचा रस नाही. तू चुकलीस तर मला आनंद होईल असं समजत असशील तर तू मला ओळखत नाहीस. मला वाट हवी आहे. तिच्यावर कुणाचंही नाव नाही, म्हणून तर तिच्यासाठी बोलायला कुणी नाही! वीस दिवस उरले आहेत. माझी दया येऊन एकही आकडा बदलू नकोस. तसलं काही केलंस तर मला समजेल आणि मी तुझ्याशी बोलणार नाही. पण काही चुकलं असेल तर तेही झाकू नकोस.

ऊन फार आहे. टोपी घालून जात जा.

आत्या

त्सुकुबा, २९ ऑगस्ट

प्रिय आत्या,

चूक माझी आहे.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. तरंगा, दोरी, बाबांचं घड्याळ! दुपारी मात्र जेवायला न जाता प्रोग्राम उघडला आणि पहिल्या ओळीपासून वाचत बसले. तिसऱ्या दिवशी सापडलं. सापडलं म्हणजे काय, जे तिथे नव्हतं ते दिसलं.

चल दोन होते, उंची आणि ओढ. दोन्ही चौसष्ट घरांत वाटले. दोन्हींना सावली दिली. पण सावली ताजी करण्याचा हुकूम लिहिला तो फक्त उंचीसाठी. ओढीसाठी लिहायचा राहिला. एक ओळ. आमची भाषा सांगितलं की वाटणी करून देते, पण सावली आपण होऊन ताजी करत नाही, ते लिहिणाऱ्याने सांगायचं असतं. ओढीची सावली सुरुवातीला शून्य होती, ती शेवटपर्यंत शून्यच राहिली. पाणी किती चढलं हे शेजारी एकमेकांना सांगत होते, पण ते किती जोरात येतंय हे कुणीच कुणाला सांगत नव्हतं. प्रत्येक घर शेवटपर्यंत समजून चाललं की कडेपलीकडचं पाणी थांबलेलं आहे. बंदरात उंची जुळली, आणि मी समाधान मानलं.

आता जे लिहिते ते लिहिताना मान खाली जाते. सरांच्या सांगण्याप्रमाणे सारखे चौकोन पाडले असते तर ही चूक पहिल्याच दिवशी उघडी पडली असती. भर समुद्रात, जिथे काहीच नाही तिथे, मेलेल्या पाण्याची सरळ रेघ उमटली असती आणि कुणीही विचारलं असतं, हे काय? पण मी तुकडे पाडले आपल्या गटांच्या रेघांवरून. दोन गट जिथे भेटतात तिथेच वाट. त्यामुळे दोन तुकड्यांची शिवण बरोबर वाटेत आली. नकाशात तिथे रेघ दिसली, आणि मला ती रेघ ओळखीची वाटली. जन्मापासून मी तिथे रेघ बघत आले आहे. त्सुकुबातल्या कुणाही माणसाच्या हातून ही चूक लपली नसती. आपल्या गावच्या मुलीच्या हातूनच लपली.

वाट बुजवली तर काय होईल हे मी सांगत बसले होते. प्रोग्रामच्या लेखी ती पहिल्यापासूनच बुजलेली होती. ती पुन्हा बुजवून फरक कसा पडणार?

एक ओळ घातली आणि पुन्हा चालवलं. तुकडेही या वेळी सरळ चौकोनी पाडले. वाटेत उधाणाच्या ओहोटीला ओढ येते सेकंदाला एक मीटर तीन सेंटीमीटर. तुझ्या दोरीच्या आकड्यांच्या इतकी जवळ की मी खुर्चीत मागे टेकून बसले. आणि वाट बुजवली तर आतल्या गटाची एक तृतीयांश ओढ जाते.

हातानो सरांना सांगायला गेले. त्यांनी एकच विचारलं, ‘‘गावाला कळवलंत?’’ मी म्हटलं, नाही, आधी तुम्हाला. ‘‘आधी गावाला,’’ म्हणाले. ‘‘माझ्याकडे नंतर या, मी इथेच असतो.’’ नंतर गेले तेव्हा पुष्कळ बोलणी खाल्ली. शरद ऋतूतल्या परिषदेत मी बोलणार होते, ते रद्द झालं. वर्षअखेरपर्यंत सगळ्यांच्या प्रोग्राममधल्या सावल्या तपासायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे सप्टेंबरमध्ये येणं नाही. ठीक आहे. योग्यच आहे.

सोसायटीला लिहिलेलं पत्र सोबत आहे. तू स्वतः वाचू नकोस, लोक म्हणतील आत्याने लिहवून घेतलं. आणि कुणीही वाचलं तरी ते गोड करून सांगू नये. ‘चूक माझी’ असं लिहिलंय, तसंच वाचलं जावं.

ती आठवणीची गोष्ट मी लिहायला नको होती. तिन्ही बुटांची क्षमा मागते.

तुझी,
चिहारु

शिराहाए, १० सप्टेंबर

प्रिय चिहारु,

काल सभा झाली. तू विचारशील म्हणून सगळं क्रमाने सांगते.

तुझं पत्र मी तुझ्या बापापुढे ठेवलं. तो वाट बुजवण्याच्या बाजूचा, हे सगळ्या गावाला माहीत. म्हटलं, योशिनोरी, हे तू वाच. त्याने आधी मनात वाचलं, दोनदा. मग घडी घालून खिशात ठेवलं. तो सभेत उठेल की नाही हे मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. मी खाली बसले होते, आणि एकदा शब्द देऊन बसल्यावर मलाच उठता येत नव्हतं.

नवा अहवाल आला आहे असं तोमिनागा चेअरमननी सांगितलं आणि वर हसून म्हणाले, ‘‘जुलैत एक उत्तर, ऑगस्टात दुसरं. ऑक्टोबरात तिसरं येणार का?’’ मागून कोगा ओरडला, ‘‘आत्याने भाचीचा कान पिळला असेल!’’ हॉलभर हशा. माझ्या जिभेवर जे आलं ते मी गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा, लिहून ठेव.

तेव्हा तुझा बाप उठला. सभेत तो कधी बोलत नाही. म्हणाला, ‘‘दोरी ताईच्या हातात होती. घड्याळ माझ्या हातात होतं. तीनही वेळा मीच सेकंद मोजले, आणि मला ते आकडे यायला नको होते.’’ मग त्याने तुझं पत्र वाचलं. एकही शब्द गाळला नाही. ‘चूक माझी आहे, एगाशिरा चिहारु’ इथे थांबला. पाणी प्यायला, आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं, नीट. मग कागद खाली ठेवून म्हणाला, ‘‘माझ्या मुलीने नाव घालून चूक लिहून दिली आहे. या हॉलमध्ये वीस वर्षांत असं कुणी केलंय? मी तर नाही केलं. ज्याने केलं असेल त्याने हसावं.’’

मग मतदान झालं.

एकोणनव्वद घरांची मतं. वाट मोकळी ठेवण्याच्या बाजूने बावन्न, बुजवण्याच्या बाजूने सदतीस. कोगा अजून माझ्याशी बोलत नाही, त्याच्या सुनेने मात्र जाताना माझा हात दाबला. चेअरमन माझ्याकडे येऊन म्हणाले, ‘‘मित्सुएबाई, तुम्ही न बोलता जिंकलात, हे मला जास्त लागलं.’’ मी म्हटलं, ‘‘मी कुठे जिंकले? मी तर बसले होते.’’ मोठी वक्ता म्हणवते मी, बाळ, आणि सगळ्यात महत्त्वाच्या दिवशी माझा उपयोग झाला तो गप्प राहण्यापुरता. तुम्हा बाप-लेकीच्या दोन साध्या वाक्यांनी जे केलं ते माझ्या तीन वर्षांच्या भाषणांनी झालं नव्हतं. मला त्याचं वाईट वाटायला हवं. वाटत नाही.

तुझ्या सरांना सांग, माझ्या लेकीला बोलणी दिली ते बरं केलं, आता पुरे.

आज सकाळी आम्ही दोघं गटाच्या खुणा पाहायला गेलो. परतताना ओहोटी लागली होती. मधल्या वाटेत येताच तुझ्या बापाने इंजिन बंद केलं. मी म्हटलं, ‘‘काय रे, बिघडलं का?’’ म्हणाला, ‘‘गप्प बस, ताई.’’ होडी थांबली नाही. दोन्ही बाजूंच्या गटांच्या खुणा मागे सरकत होत्या आणि आम्ही नुसते बसून पुढे जात होतो, बराच वेळ, वाट संपेपर्यंत. त्याने घड्याळ बघितलं, ओठातल्या ओठात काहीतरी भागाकार केला, आणि मला म्हणाला, ‘‘एक मीटर तीनच म्हणाली ना ती?’’

आत्या